विद्युन्मंडलाचा पाया

भिंतीवरील चित्राची स्तुति करतांना भिंतीचें नांव कोणी घेत नाहीं. छापील विद्युन्मंडलाच्या फलकाचेंही तसेंच आहे. रेडिओ किंवा गणकयंत्र उघडलें म्हणजे तांब्याच्या बारीक वाटा आणि त्यांवर डाख देऊन बसविलेले भाग यांकडेच दृष्टि जाते. ज्या पातळ फळीवर हा सर्व संसार उभा आहे, तिचें काम वीज अडविणें एवढेंच, असें वाटतें. परंतु ही फळी कोणत्या द्रव्याची असावी या प्रश्नास शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला असतां ध्यानांत येतें कीं, सर्वगुणसंपन्न द्रव्य कोणत्याच काळीं हातीं आलें नाहीं. प्रत्येक पिढीनें आपल्या गरजेच्या तराजूंत गुणदोष तोलले; आणि जें तोलावयाचें राहिलें, त्याची किंमत पुढें भलत्यांनाच मोजावी लागली.

विजेच्या यंत्रांच्या बाल्यावस्थेंत तिला अडविणारीं जीं मुख्य द्रव्यें होतीं, त्यांपैकीं लाख आणि अभ्रक हीं दोन बव्हंशीं हिंदुस्थानांतून जात. छोटा नागपूरच्या जंगलांतील लाख आणि कोडरम्याच्या खाणींतील अभ्रक यांवर पश्चिमेकडील कारखाने अवलंबून असत. हें परावलंबन संपविण्याच्या प्रयत्नांतून आपल्या विषयाचा आरंभ होतो. लाखेस पर्याय शोधीत असतां, मूळच्या बेल्जमच्या पण अमेरिकेंत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड यांनीं १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट ही राळ सिद्ध केली. एकदां तापवून घट्ट झाल्यावर ती पुन्हां वितळत नसे. १९१३ सालीं ओकॉनर व फेबर या दोघां अमेरिकनांनीं अशा राळेंत भिजविलेल्या थरांपासून रोधक वस्तु करण्याचा कारखाना काढला, आणि मालाला ‘अभ्रकाच्या जागीं’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ‘फॉर्मायका’ हें नांव दिलें.

फलकाची कल्पना याहूनही जुनी आहे. बर्लिनच्या आल्बर्ट हॅन्सन यांनीं १९०३ सालींच पॅराफिन लावलेल्या कागदावर धातूच्या वर्खाच्या पट्ट्या चिकटविण्याचें पेटंट घेतलें होतें. कल्पना उत्तम, पण पाया कच्चा! पॅराफिन सुमारें ६० अंश सेंटिग्रेडला वितळतें, तर शिसें-कथलाचा उत्तम डाखही १८३ अंशांखालीं वितळत नाहीं. त्या कागदावर डाख देणें म्हणजे मेणावर चूल मांडणेंच होय.

१९३६ सालीं व्हिएन्नाहून इंग्लंडांत आलेल्या पॉल आइसलर या यहुदी अभियंत्यानें छापखान्याची विद्या येथें लावली. रोधक फळीस तांब्याचा वर्ख चिकटवावा, हव्या त्या वाटा आम्लास न जुमानणाऱ्या शाईनें छापाव्या, आणि उरलेलें तांबें आम्लांत विरघळवून टाकावें, ही त्याची युक्ति. महायुद्धांत कांहीं काळ शत्रुदेशीय म्हणून अटकेंत राहिलेल्या या माणसानें १९४३ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. त्याच युद्धांत अमेरिकेनें मात्र निराळा पाया निवडला. उखळी तोफेचा गोळा लक्ष्याजवळ येतांच फुटावा म्हणून त्याच्या टोकांत चिमुकला रेडिओ बसवावयाचा होता, आणि गोळा सुटतांना त्यास गुरुत्वाकर्षणाच्या हजारों पट धक्का बसे. तेथें शंखजिऱ्याच्या जातीच्या भाजलेल्या मृत्तिकेच्या चकतीवर रुप्याची शाई छापून भाजीत. मृत्तिका ठिसूळ खरी, पण लहान चकतीस तो दोष नडला नाहीं.

युद्धानंतर घरगुती यंत्रांस स्वस्ताई हवी होती, म्हणून कागद व फिनॉलची राळ यांची फळी पुढें आली. ठशानें ठोकून तिला भोकें पाडतां येत. पण ती ओल शोषी. जेथें भरंवसा हवा, तेथें काचतंतूंचें कापड व इपॉक्सी राळ यांची फळी घेत. ती बळकट व ओलीस दाद न देणारी, परंतु महाग, आणि इतकी कठीण कीं तिच्यापुढें साधीं गिरमिटें बोथट होत. तिच्यांतही एक वैगुण्य आहे. कापडाच्या धाग्यांमुळें लांबीरुंदींत ती तांब्याइतकीच, म्हणजे दर अंशास दशलक्षांत सुमारें १५ ते १७ भाग, प्रसरण पावते. जाडींत मात्र तिला आवरणारे धागे नसल्यानें हें प्रमाण ५० ते ७० भागांवर जातें. फळीच्या आरपार गेलेल्या भोकांतील तांब्याचें अस्तर फाटतें तें यामुळेंच. टेफ्लॉनची फळी अतिशीघ्र लहरींस फार अनुकूल. पण महाग व घडविण्यास अवघड असल्यानें ती खास कामांपुरतीच राहिली.

अखेर काच-इपॉक्सीनें बाजार जिंकला. तिच्या राळेंत ब्रोमीन गुंफलें कीं ज्वाला आपोआप विझते. या प्रकारास १९६८ सालीं अमेरिकेंत एफ-आर-४ ही संज्ञा मिळाली. आगीपासून घर वांचविणारा हा गुण मोठाच होय. परंतु फळीचें आयुष्य संपल्यावर तिचें काय होणार, हा प्रश्न तराजूंत पडला नव्हता. पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेंत, रामगंगेच्या काठीं, या शतकाच्या आरंभीच्या दशकांत जुने फलक उघड्यावर जाळून व आम्लांत धुवून तांबें काढण्याचा धंदा वाढला. अशा जाळण्यांत तेंच ब्रोमीन डायॉक्सिनच्या जातीचीं विषें निर्माण करतें. यंत्र वापरणारा एक आणि धूर पिणारा दुसरा, असा हा व्यवहार झाला.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघानें नव्या विद्युत्-उपकरणांत शिशावर निर्बंध घातले. शिशाविना डाख वितळण्यास २१७ अंश लागूं लागले, तेव्हां जुन्या राळा अपुऱ्या पडल्या आणि अधिक उष्णता सोसणाऱ्या राळांची निवड नव्यानें करावी लागली. ब्रोमीन टाळून फॉस्फरसादि द्रव्यांनीं आग आवरणारे फलकही निघाले आहेत. त्यांच्याही गुणदोषांची चर्चा उष्णता, ओल, प्रसरण व किंमत या जुन्या सदरांखालीं होते, आणि ती व्हावयासच हवी. मात्र त्या सदरांत आणखी एक सदर असावें, तें फलक शेवटीं ज्याच्या हातीं जातो त्या माणसाच्या श्वासाचें. मुरादाबादचा धूर पाहिल्यावर तें वगळण्यास आपणांस कोणतीही सबब उरली नाहीं.