हे शौ वू : काळ्या केसांची मुळी आणि हजार वर्षांचा हिशोब

मंडळी, आमच्या क्षेत्रातल्या केसांची कहाणी साधारण ठरलेली असते. पहिल्या प्रोजेक्टात उशीवर चार केस, दुसऱ्यात कंगव्यात झुबका. मग "पाणी बदललं ना, म्हणून", मग माक्याचं तेल, कांद्याचा रस आणि शेवटी कॅप्सूल. कॅप्सूलच्या बाटलीवर एक वाक्य हमखास असतं : हजार वर्षांची परंपरा. आज त्या हजार वर्षांबद्दलच लिहितोय. उदाहरण चीनचं आहे, कारण तिथली कागदपत्रं बरीच जुनी आहेत.

थांग राजवटीत, 813 च्या सुमारास, ली आओ नावाच्या लेखकाने एका मुळीची गोष्ट लिहून ठेवली. हे आडनावाचा एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. ('हे' हे खरंच आडनाव आहे, हसू नका :)) जन्मापासून अशक्त, लग्न नाही. एकदा दारू पिऊन रानात झोपला, तर त्याला दोन वेली आपोआप एकमेकींना विळखा घालताना आणि सुटताना दिसल्या. (दारूचा भाग ली आओने प्रामाणिकपणे लिहिलाय हे विशेष.) त्याने मुळी खणली आणि पूड करून खाल्ली. तब्येत सुधारली, केस काळे झाले, पोरंबाळं झाली. नातू शौ-वू तर म्हणे एकशेतीस वर्षांचा झाला तरी केस काळेच! त्याच्यावरूनच मुळीला 'हे शौ वू' म्हणू लागले. अर्थ साधारण 'काळ्या डोक्याचा हे'.

पुढे मिंग सम्राट जियाजिंगला (राज्यकाळ 1521 ते 1567) याच मुळीच्या गोळ्या कोणीतरी भेट दिल्या. त्याला मुलगे झाले आणि औषध देशभर गाजलं. ही नोंद ली शिझेनच्या 1596 मध्ये छापलेल्या प्रचंड औषधी ग्रंथात आहे. थोडक्यात, सेलिब्रिटी एंडॉर्समेंट काही आजची नाही. (तोच सम्राट पुढे पाऱ्याच्या रसायनांनी मेला असावा असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं, पण ते असो.)

आता, जुने वैद्य काही बिनडोक नव्हते. कच्ची मुळी खाल्ली की जुलाब होतात हे त्यांना माहीत होतं. म्हणून ती काळ्या सोयाबीनच्या रसात वाफवायची, वाळवायची, पुन्हा वाफवायची. आपल्याकडे बचनाग शुद्ध करतात तोच विचार. पटकन मारणारं किंवा लगेच पोट बिघडवणारं विष परंपरेला बरोबर सापडतं.

न सापडणारी गोष्ट वेगळीच असते. 1996 साली हाँगकाँगहून एक केस छापून आली. या मुळीच्या गोळ्यांमुळे यकृताला सूज, म्हणजे हिपॅटायटिस. मग इतर देशांतूनही अशाच केसेस येत गेल्या. गोळ्या बंद केल्या की बहुतेक जण बरे व्हायचे. काहींनी पुन्हा सुरू केल्या, तर कावीळही परत! मोजक्या केसेसमध्ये यकृत निकामी झालं. 2006 मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी जाहीर इशारा दिला.

मग हजार वर्षं कोणालाच कसं दिसलं नाही? इथे माझ्यातला इंजिनीयर जागा होतो. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे : 300 लोकांना औषध दिलं आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी खात्रीने एवढंच म्हणता येतं की धोका साधारण शंभरात एकापेक्षा कमी आहे. समजा धोका दहा हजारांत एक असेल, तर एक केस दिसण्याची 95 टक्के शक्यता हवी असल्यास तीस हजार लोकांवर नजर ठेवायला लागेल. कुठल्या वैद्याने आयुष्यात एका औषधाचे तीस हजार रोगी पाहिलेत? आणि पाहिले तरी कावीळ उगवणार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तोवर दोष पाण्याला, दारूला, नशिबाला. परंपरेकडे अनुभव भरपूर होता हो, लॉग फाईल नव्हती.

तुलनेसाठी, फिनास्टेराईडला केसांसाठी अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. त्याचे दुष्परिणाम लोक यादीसारखे म्हणून दाखवतात, कारण चाचण्यांमध्ये ते कोणीतरी मोजले. हर्बल पूरकांना मात्र तिथल्या 1994 च्या कायद्यानुसार विक्रीआधी असं काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. न मोजलेलं म्हणजे सुरक्षित, असा सोयीचा गैरसमज तिथूनच पसरतो.

खुद्द चीनने 2014 मध्ये आरोग्यपूरकांसाठी मर्यादा घातली : कच्ची मुळी दिवसाला 1.5 ग्रॅम, प्रक्रिया केलेली 3 ग्रॅम. घरात यकृताचे आजार असतील त्यांनी घेऊ नये, हेही लेबलवर छापायला लावलं. गंमत म्हणजे यातली काही उत्पादनं तोवर 'यकृताचं रक्षण करणारी' म्हणून विकली जात होती. तो दावा काढायला लावला.

2019 मध्ये आणखी एक धागा सापडला. ज्यांना त्रास झाला त्यांच्यात एचएलए-बी*35:01 हा जनुकप्रकार खूप जास्त आढळला. म्हणजे तुमच्या मित्राला काही झालं नाही, यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांमध्येही हाच प्रकार दिसलाय. आणि 'हे चिनी लोकांचं' म्हणून निश्चिंत होऊ नका. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताबद्दल लिहिलं, तेव्हा आयुष मंत्रालयाशी केवढा वाद झाला होता आठवतंय? वनस्पती नेमकी कुठली होती, इथपासून सुरुवात.

माझ्या रूममेटच्या बाटलीवर 'फो-टी' लिहिलंय. हे शौ वूचं अमेरिकेतलं बाजारी नाव. मी मागची बाजू वाचली. तीन ग्रॅमचा हिशोब करू म्हटलं, तर तिथे फक्त 'प्रोप्रायटरी ब्लेंड' आणि सगळ्यांचं मिळून एक वजन. आत मुळी किती, कच्ची की वाफवलेली, काही पत्ता नाही. त्याला एवढंच म्हटलं, लघवी गडद व्हायला लागली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबव आणि डॉक्टरकडे ही बाटलीसुद्धा घेऊन जा. तो म्हणाला, "अरे, पण हर्बल आहे."