बोर धरणाला पायऱ्या नाहीत

पहिला दमदार पाऊस झाला की वर्ध्याच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न ठरलेला: ‘बोरला कधी?’ रविवारी चार बाइक, डबे, पिशवीत टॉवेल. हिंगणी ओलांडली की झाडी दाटते आणि पुढे पाणी. मॅपवर निळा डाग दिसतो, म्हणून आपण त्याला तलाव म्हणून मोकळे होतो.

आपल्याकडे उघड्यावर जेवायला जाणं धरणाच्या कितीतरी आधीचं. कार्तिकातलं आवळीभोजन घ्या, किंवा गिरडला नवस फेडायला केलेला स्वयंपाक. गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. पिकनिक हा शब्द तेवढा नवा. आणि पाणी हवं असेल तर पवनारची धाम नदी होतीच. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मिराशींनी मांडलं होतं. १९३८ साली विनोबा तिथे राहायला आले. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग धामच्या पात्रात विसर्जित झाला. १२ फेब्रुवारीला आजही तिथे मेळा भरतो. इतक्या पिढ्या माणसं ज्या पात्रात उतरली, त्याच्या खडकांची नि डोहांची माहिती गावात तोंडी फिरत राहते. नदी बुडवत नाही असं नाही, पण कुठे बुडवते ते सांगणारं कुणीतरी काठावर असतं.

बोर १९६५ चं. महाराष्ट्र होऊन पाचच वर्षं झालेली, धरणं बांधायचा काळ. मातीची भिंत, बाजूला सांडवा, कालवे सेलूकडच्या शेतांसाठी. केळीच्या बागांसाठी सेलूचं नाव होतं, तो हा भाग. या सगळ्या आराखड्यात पोहणारा माणूस कुठेच नव्हता. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्या भाषेत, तो वापर स्पेसिफिकेशनमध्येच नव्हता. घाटाच्या पायऱ्या माणसाच्या पावलाच्या मापाने बांधतात. धरणाच्या भिंतीवरचे दगड लाटांनी माती खाऊ नये म्हणून रचलेले असतात.

पाच वर्षांनी, १९७० मध्ये, भोवतालचं जंगल अभयारण्य झालं. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प: सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर शहरापेक्षाही लहान. वाघाला ही हद्द पुरत नाही. इथला बाजीराव डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीच्या धडकेने मेला. जंगलात आता विस्तव पेटवणं गुन्हा आहे. रोडग्यांचा बेत तिथेच संपला, आणि ते योग्यच झालं, असं मला वाटतं.

म्हणजे हक्काचा क्रम लावला तर आधी शेत, मग वाघ, आणि शेवटी आपण, टॉवेल घेऊन. पाण्यात उतरू नका या पाटीला आपण सरकारी कटकट समजतो. पण धरणाचं पाणी म्हणजे बुडालेलं खोरं. खाली जुनी नदी आहे, तिचे ओढे आहेत, त्यांचे तुटलेले काठ आहेत, वर गाळ. पाण्याची पातळी दर महिन्याला वेगळी, त्यामुळे मागच्या वेळी कमरेइतकं होतं, या माहितीचा यंदा उपयोग शून्य. पवनारसारखी तोंडी माहिती इथे साठतच नाही.

मे महिन्यात एकदा जाऊन बघा. पाणी आत सरकलेलं असतं, चिखलाला भेगा पडलेल्या असतात. ऑक्टोबरात आपण जिथे गुडघाभर पाण्यात सेल्फी काढतो, तशा जागांपासून काही पावलांवर जमीन एकदम तुटते. तो बोर नदीचा जुना काठ.