नाळ पुरली ती माती

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रायपुरातील मराठी माणसांचा इतिहास लिहावयाचे ठरले, तेव्हा जुन्या वह्या, पावतीपुस्तके व छायाचित्रे समोर घेऊन आम्ही बसलो. अध्यक्षांची नावे मिळाली, देणगीदारांची मिळाली, गणेशोत्सवातील नाटकांत कोणी कोणती भूमिका केली तेही मिळाले. परंतु ज्या हातांनी आमच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांना या जगात उतरवून घेतले, त्या सुईणींपैकी एकीचेही नाव कोठे आढळले नाही. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारले, तर ‘आम्ही तिला सुईन दाईच म्हणत असू’ एवढेच उत्तर आले. छत्तीसगढीत ‘दाई’ म्हणजे आई. आईला कोण नावाने हाक मारतो, असे म्हणून समाधान करून घेता येईल. पण खरे कारण तेवढे गोड नाही. ते पुढे येईलच.

मराठे येथे आले ते प्रथम फौजेबरोबर. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला. १८१८ नंतर कारभाराचे ठिकाण रायपूर झाले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि मग कारकून, शिक्षक, वकील असे मराठी कुटुंबवत्सल गृहस्थ येथे स्थिरावत गेले. माधवराव सप्रे व वामनराव लाखे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असे की, या स्थिरावण्यात पहिली अडचण उभी राहिली ती सुनांच्या पहिल्या बाळंतपणाची. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हावयाचे. परंतु माहेर नागपुरास असले तरी पावणेदोनशे मैलांची वाट, जंगलातून, बैलगाडीने! १८८० नंतरच्या दशकात आगगाडी आली तेव्हा पहिलटकरणी माहेरी जाऊ लागल्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मात्र घर सोडणे कोणासच परवडत नसे. तेव्हा माहेरच्या ओळखीच्या सुईणीच्या जागी येथली, वेगळ्या बोलीची बाई उभी राहिली.

बोली वेगळी, पण शब्द एकच: आपली सुईण, त्यांची सुईन. आमच्या आजीने सांगितलेली हकीकत अशी. सातव्या महिन्यापासून दाई मधूनमधून येऊन पोटास तेल लावी व नुसत्या तळव्यांनी चाचपून मूल आडवे आहे की पायाळू, ते सांगे. कळा सुरू झाल्या की ती कोपऱ्यात बसून राही. घाई म्हणून नाही. बाईला उकिडवे बसवून पाठीशी दुसरीला आधारास द्यावयाचे, मधून फेऱ्या घालावयास लावावयाचे, कोमट पाणी पाजावयाचे, आणि अखंड बोलत राहावयाचे. आजीला पहिल्या वर्षी छत्तीसगढी कळत नव्हती. तरी त्या रात्री सगळे कळले, असे ती म्हणे. वार पडेपर्यंत दाई जागची हलत नसे. मग नाळ सुताने बांधून कापली जाई, आणि वार परसात खड्डा करून पुरली जाई.

त्यानंतर सुरू होई दोन स्वयंपाकघरांचा सामना. सासूबाईंचे डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा, बाजेखाली ओव्याची धुरी. तर दाईचा आग्रह ‘कांके पानी’चा, म्हणजे येथे बाळंतिणीस देतात त्या वनौषधींच्या काढ्याचा. आमच्या घरी पहिल्या नातवंडाच्या वेळी तो मोरीत ओतला गेला, आणि तिसऱ्याच्या वेळी सासूबाईंनीच तो मागून घेतला. आपली पाचवी, सटवाईपुढे ठेवलेला कोरा कागद व लेखणी, आणि त्यांची छट्ठी या एकमेकींच्या इतक्या शेजारी आहेत की, पुढे पुढे आमच्या घरी दोन्ही एकाच पाटावर होऊ लागल्या.

आता ते दुसरे कारण. महाराष्ट्रात सुईणपण बहुधा मातंग स्त्रियांकडे असे, तर छत्तीसगढातही हे काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांच्याच वाट्यास आले होते. मूल ज्या हातात प्रथम पडे, त्या हातांचा पाण्याच्या माठास स्पर्श चालत नसे. दाई मागील दाराने येई. सोयर फिटले की खोली सारवून काढली जाई, आणि तिचे लुगडे, तांदूळ व नारळ तिच्या पदरात वरून टाकले जात. नाव न विचारण्याचे मूळ येथे आहे. हे आमच्याच घरात घडले, म्हणून लिहिताना संकोच वाटतो. पण वगळले तर इतिहास खोटा होईल.

तिच्या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आमच्या आजीचे दुसरे मूल आठव्या दिवशी गेले. दूध ओढीना, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखे ताठले. सटवाईने लिहिले तेवढेच आयुष्य, असे घरात मानले गेले. तो धनुर्वात होता. विळ्याने कापलेल्या किंवा शेण-राख लावलेल्या नाळेतून त्याचे जंतू शिरत, हे ना दाईला ठाऊक होते ना आमच्या शिकलेल्या पणजोबांना. आनंदीबाई जोशी यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा.

मात्र सारा दोष अडाणी दाईच्या माथी मारणाऱ्यांनी व्हिएन्नाची गोष्ट आठवावी. तेथील मोठ्या रुग्णालयात सुईणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात सूतिकाज्वराने अधिक बायका मरत. शवविच्छेदन करून आलेले हात त्यास कारण आहेत, हे सेमेलवाइसने १८४७ मध्ये ओळखले, आणि हात धुण्याचा आग्रह धरल्याबद्दल त्याची अवहेलना झाली.

आपल्याकडे दायांना शिकविण्याचा संघटित प्रयत्न लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये निघालेल्या निधीतून झाला. त्याचा लाभ फार थोड्यांपर्यंत पोहोचला. रायपुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि आमच्यासारख्या शहरी घरांतील बाळंतिणीची खोली हळूहळू अडगळीची झाली. खेड्यांत तसे झाले नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगढमधील शंभरांपैकी सुमारे १४ च प्रसूती रुग्णालयांत झालेल्या आढळल्या. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ८५ च्या पुढे गेला. सीमेपलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी घ्यावयाची काळजी शिकविली, दायांनाही त्यात सामील करून घेतले, आणि ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. आजीच्या त्या मुलाला हे फार उशिरा.

आता नवा रायपुरात रुंद रस्त्यांच्या कडेने रुग्णालये उभी राहत आहेत आणि आमची पणतवंडे तेथे जन्मतील. आमचे तात्यापाऱ्यातील जुने घर मात्र विकले गेले. परसातील विहीर व पेरू यांच्या मधल्या जागेत आमच्या पाच भावंडांची नाळ पुरलेली होती. तेथे आज दुकाने आहेत. तुमचे मूळ गाव कोणते, असे कोणी विचारले की आम्ही सवयीने कोकणातील गावाचे नाव सांगत असू. त्यावर शेजारची छत्तीसगढी म्हातारी हसून म्हणे, ‘‘इंखर नेरुआ इहें गड़े हे.’’ यांची नाळ इथेच पुरली आहे.

ज्या वाचकांच्या घरी एखाद्या दाईचे नाव, पारा किंवा गाव अजून कोणाच्या स्मरणात असेल, त्यांनी ते मंडळाच्या कार्यालयात लिहून पाठवावे. वार्षिक अहवालात कार्यकारिणीच्या यादीआधी ती नावे छापावयाची आहेत.