उपग्रह इंटरनेट : झाड तोडण्यापूर्वी आकाश तपासा

ऑप्टिकल फायबर न पोहोचलेल्या आणि मोबाइल मनोऱ्यापासून दूर असलेल्या गावांसाठी उपग्रहाद्वारे मिळणारे इंटरनेट हा महत्त्वाचा पर्याय आहे. मात्र, घराभोवती उंच झाडे असल्यास ही जोडणी वारंवार खंडित होते. पानांतील आणि पानांवरील पाणी सूक्ष्मतरंग शोषून घेत असल्याने दाट फांद्याही संकेत अडवतात. तरीही प्रत्येक ठिकाणी वृक्षतोड अपरिहार्य नसते. उपग्रहाची कक्षा आणि डिशची जागा यांवर ते अवलंबून असते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. भारतातून तो दक्षिणेकडील आकाशात दिसतो. इस्रोचा जीसॅट-११ हा उपग्रह ५ डिसेंबर २०१८ रोजी प्रक्षेपित झाला. त्याचे स्थान ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. क्षितिजापासून त्याची उंची रत्नागिरीत सुमारे ७०, नागपूरमध्ये ६४, दिल्लीत ५६, तर श्रीनगरमध्ये ५० अंश भरते. त्यामुळे डिशपेक्षा १५ मीटर उंच असलेले झाड रत्नागिरीत सहा मीटर अंतरावर असले तरी मार्ग मोकळा राहतो. श्रीनगरमध्ये मात्र सुमारे १३ मीटर अंतर लागते. फांद्यांची वाढ लक्षात घेऊन याहून थोडे अधिक अंतर ठेवणे हिताचे ठरते. उत्तरेकडील झाडांची अडचण होत नाही. या सेवेत प्रतिसादाला सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब लागतो.

सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरील स्टारलिंकसारख्या सेवेत हा विलंब बराच कमी असतो. दूरसंचार विभागाने या कंपनीला जून २०२५ मध्ये परवाना दिला. परंतु हे उपग्रह सतत सरकत असल्याने ॲंटेनाला डोक्यावरचे विस्तृत आकाश मोकळे लागते. एखाद्या बाजूचे झाडही काही क्षणांसाठी जोडणी तोडू शकते. त्यामुळे दाट झाडीत, विलंब चालणार असेल तर, भूस्थिर उपग्रहाची सेवा अधिक सोयीची ठरते.

जागेची पाहणी होकायंत्र आणि कोनमापकाच्या साहाय्याने करता येते. साग, पळस यांसारखी झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण असतात. तेव्हा मोकळी वाटणारी जागा पावसाळ्यात झाकली जाते, हे ध्यानात ठेवावे. गच्ची, अंगणाचा मोकळा कोपरा किंवा शेताचा बांध या जागा प्रथम तपासाव्यात. खांब उभारल्यास तो वाऱ्यात हलणार नाही अशा रीतीने ताण देऊन बांधावा आणि त्याला अर्थिंग करावे. डिशची दिशा किंचित बदलली तरी संकेत क्षीण होतो.

अनेकदा अडसर ठरणारी एखादी फांदी छाटणे पुरेसे असते. महाराष्ट्रात १९६४ च्या अधिनियमानुसार आंबा, फणस, साग आदी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या जमिनीतही विनापरवानगी तोडता येत नाहीत. अन्य राज्यांचे नियम निरनिराळे असल्याने स्थानिक वन कार्यालयात आधी चौकशी करणे आवश्यक आहे.