बीबी गन आणि एअरसॉफ्ट गन : दोन कायद्यांची दोन अपत्ये

१/
जत्रेत फुगे फोडण्याची छर्ऱ्याची बंदूक महाराष्ट्रात बहुतेकांनी एकदा तरी हाती धरलेली असते. तिच्याच कुळातील दोन बंदुकांची नावे जगभर सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जातात : बीबी गन आणि एअरसॉफ्ट गन. दोहोंतून लहानशी गोल गोळी सुटते आणि दोहोंत दारू नसते. तरीही या बंदुका दोन अगदी विरुद्ध समाजांत जन्मल्या. त्यांच्यातील फरक गोळीच्या आकारापेक्षा त्या समाजांच्या कायद्यांतून अधिक उलगडतो.

२/
पहिली कथा अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या प्लिमथ या गावची. तेथे १८८२ मध्ये पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी स्थापन झाली. १८८८ मध्ये क्लॅरेन्स हॅमिल्टन यांनी संपूर्ण धातूची एक हवेची बंदूक या कंपनीपुढे ठेवली. ती झाडून पाहिल्यावर व्यवस्थापक लुईस कास हफ यांनी ‘डेझी’ अशी दाद दिली, असे कंपनीची आख्यायिका सांगते. त्या काळच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ‘फक्कड’ असा होता.

३/
सुरुवातीला ही बंदूक पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला भेट म्हणून दिली जाई. थोड्याच काळात भेटवस्तूने मूळ मालाला मागे टाकले. १८९५ मध्ये कंपनीने ‘डेझी’ हेच नाव धारण केले आणि पवनचक्क्या इतिहासजमा झाल्या. आजही ‘बीबी गन’ म्हटले की अमेरिकन माणसाला प्रथम हेच नाव आठवते.

४/
‘बीबी’ म्हणजे ‘बॉल बेअरिंग’ असा समज रूढ आहे. तो चुकीचा असला तरी त्याला थोडे कारण आहे. शिकारीच्या छर्ऱ्यांच्या आकारांना अमेरिकेत अक्षरांची नावे होती : बी, बीबी, बीबीबी. त्यांतील मधला आकार ०.१८ इंचाचा, म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटरचा. या बंदुका आरंभी हेच शिशाचे छर्रे झाडत. मुले मात्र त्यांत टाकाऊ पोलादी बेअरिंगच्या गोळ्याही घालू लागली. पुढे १९२० च्या दशकात डेझीनेच पोलादी छर्रे बाजारात आणले.

५/
बंदुकीची रचना साधी होती. तरफ ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाई. चाप ओढला की स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावे आणि त्याने दाबलेली हवा छर्ऱ्याला नळीबाहेर फेकी. १९४० मध्ये आलेले ‘रेड रायडर’ हे या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध मॉडेल. त्याचे नाव १९३८ मध्ये सुरू झालेल्या एका चित्रकथेतील काउबॉयवरून ठेवले होते. १९८३ च्या ‘अ ख्रिसमस स्टोरी’ या चित्रपटाचे सारे कथानक ही बंदूक मिळावी म्हणून झुरणाऱ्या मुलाभोवती फिरते, आणि प्रत्येक मोठा माणूस त्याला एकच धाक घालतो : डोळा फुटेल.

६/
त्या मुलाच्या हट्टात बीबी गनचे सामाजिक स्थान दिसते. अमेरिकेत खरी बंदूक घरोघरी असू शकत होती. मुलाने नेम धरायला शिकावे, जबाबदारी शिकावी आणि मोठेपणी खरी बंदूक हाती घ्यावी, असा तो क्रम होता. बीबी गन ही त्याची पहिली पायरी. ती कमी ताकदीची असली तरी धातूचा छर्रा सोडणारी खरीच बंदूक होती. म्हणून तिला कोणत्याही युद्धशस्त्राची हुबेहूब नक्कल असण्याची गरज नव्हती.

७/
दुसरी कथा जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे सामान्य नागरिकाच्या हाती शस्त्र राहू नये, असे धोरण ठरले. बंदुका आणि तलवारी बाळगण्यावर कडक नियंत्रण आणणारा १९५८ चा कायदा त्याचा कणा आहे. पिस्तूल तर सामान्य माणसाला जवळजवळ अप्राप्यच झाले. परंतु चित्रपटगृहांत हॉलिवूडचे काउबॉय आणि गुप्तहेर पडदा गाजवत होते. शस्त्र मिळत नव्हते, पण त्याचे आकर्षण उरले होते.

८/
या पोकळीतून ‘मॉडेल गन’ जन्मली. तिचे धातूचे भाग खऱ्या पिस्तुलासारखे हलत, पण तिच्यातून गोळी सुटत नसे. गुन्ह्यांत तिचा वापर होऊ लागल्यावर सरकारने १९७१ मध्ये धातूच्या पिस्तूल-प्रतिकृतींची नळी बंद करणे आणि त्या पांढऱ्या वा पिवळ्या रंगवणे बंधनकारक केले. १९७७ मध्ये निर्बंध आणखी आवळले गेले. शौकिनांना पांढरे पिस्तूल रुचणे कठीण होते. उत्पादक प्लॅस्टिककडे वळले, कारण प्लॅस्टिकच्या काळ्या प्रतिकृतीला ही बंधने तशी लागू होत नव्हती.

९/
या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीतून मग मऊ, हलकी गोळीही सुटू लागली. हीच ‘एअर सॉफ्ट गन’. तिची गोळी सहा मिलिमीटर व्यासाची, प्लॅस्टिकची आणि साधारण ०.२ ग्रॅम वजनाची असते. प्रथम प्रत्येक वेळी हाताने स्प्रिंग ओढावी लागे, नंतर द्रवरूप वायूचा वापर आला. १९९१ मध्ये ‘टोकियो मारुई’ या कंपनीने फ्रेंच फामास रायफलच्या रूपात विजेवर चालणारी बंदूक आणली. तिच्यात बॅटरीवरची मोटार दंतचक्रांकरवी दट्ट्या मागे ओढी आणि गोळ्यांची सर लागे. त्यानंतर हा खेळ जगभर पसरला.

१०/
नावांचा घोळ येथेच सुरू झाला. जपानी लोक या प्लॅस्टिकच्या गोळीलाही ‘बीबी-दान’, म्हणजे ‘बीबी गोळी’, म्हणू लागले. अमेरिकन छर्ऱ्याचे नाव समुद्र ओलांडून वेगळ्या आकाराच्या, वेगळ्या पदार्थाच्या गोळीला चिकटले. साडेचार मिलिमीटरचे पोलाद आणि सहा मिलिमीटरचे प्लॅस्टिक यांचे नाव एकच झाले. एकीची गोळी दुसरीत चालत नाही, तरी दोन्ही ‘बीबी’च.

११/
हा फरक शरीराला मात्र लगेच कळतो. रेड रायडरचा सुमारे ०.३३ ग्रॅमचा पोलादी छर्रा सेकंदाला साधारण १०७ मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा दोन ज्यूलच्या आसपास भरते. जपानमध्ये हवेच्या बंदुकांत फेरफार करून धावत्या गाड्यांवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडल्यानंतर २००६ मध्ये कायद्याने मर्यादा घातली : गोळीच्या आडव्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ३.५ ज्यूल. सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी ही मर्यादा एका ज्यूलहून किंचित कमी येते. याच मापाने रेड रायडरचा छर्रा मोजला, तर तो सुमारे साडेतीन पट भरतो.

१२/
म्हणूनच एअरसॉफ्टच्या खेळात माणसे संरक्षक चष्मा लावून एकमेकांवर गोळ्या झाडतात, तर बीबी गन माणसावर रोखणे हाच गुन्हा मानला जातो. पोलादी छर्रा कातडीत घुसतो आणि कठीण पृष्ठभागावर आपटून परत उसळतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र दोन्ही सारख्याच निर्दय आहेत. उघड्या डोळ्याला प्लॅस्टिकची गोळीही कायमचे अंधत्व आणू शकते.

१३/
यातून एक विसंगती उभी राहिली. अधिक इजा करणारी बंदूक खेळण्यासारखी दिसत होती आणि कमी इजा करणारी युद्धशस्त्रासारखी. जपानमध्ये ही विसंगती खपून गेली, कारण तेथे रस्त्यावरच्या माणसाच्या हातातले पिस्तूल खरे असण्याची शक्यता फारच थोडी होती. एअरसॉफ्टचे निरुपद्रवीपण केवळ प्लॅस्टिकच्या गोळीवर अवलंबून नव्हते. भोवतालच्या निःशस्त्र समाजाचाही त्याला आधार होता. अमेरिकेत तो आधार नव्हता.

१४/
अमेरिकेला खोट्या शस्त्राचा प्रश्न आधीच भेडसावू लागला होता. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात थेट प्रक्षेपण चालू असताना एकाने वार्ताहरावर पिस्तूल रोखले. ते खरे नव्हते, हे नंतर कळले. १९८८ मध्ये संघीय कायदा झाला : खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण हवी. या नियमांत प्लॅस्टिकची गोळी सोडणारी एअरसॉफ्ट गन आली. पारंपरिक बीबी गनला मात्र सूट मिळाली. म्हणजे पोलादी छर्रा झाडणाऱ्या बंदुकीला खुणेची सक्ती नाही आणि प्लॅस्टिकची गोळी झाडणारीला आहे. तिकडे काळाच्या ओघात कित्येक बीबी गनही लाकडी दस्ता सोडून काळ्या लष्करी रायफलीच्या रूपात विकल्या जाऊ लागल्या होत्या.

१५/
५ ऑगस्ट २०१४. ओहायो राज्यातील बीव्हरक्रीक येथे २२ वर्षांच्या जॉन क्रॉफर्ड याने एका मोठ्या दुकानातील फळीवरची वेष्टनाबाहेर पडलेली छर्ऱ्याची रायफल उचलली आणि फोनवर बोलत तो दुकानात फिरू लागला. कुणीतरी पोलिसांना कळवले. पोलिसांच्या गोळीने तो मरण पावला. ती हवेची बंदूक दुकानातलाच विक्रीचा माल होती. तिला नारिंगी टोक असण्याचे कायद्याचे बंधनच नव्हते. शिवाय ओहायोत खरी रायफलही उघडपणे बाळगणे कायदेशीर होते.

१६/
२२ नोव्हेंबर २०१४. त्याच राज्यातील क्लीव्हलंड शहरात १२ वर्षांचा तमीर राइस एका बागेत एअरसॉफ्ट पिस्तुलाशी खेळत होता. नारिंगी टोक निघालेले होते. फोन करणाऱ्याने ‘बहुधा खोटी आहे’ आणि ‘बहुधा लहान मुलगा आहे’ असे सांगितले होते, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाही. गाडी थांबल्यापासून सुमारे दोन सेकंदांत गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. दोन्ही प्रकरणांत ग्रँड ज्युरीने पोलिसांवर आरोप ठेवले नाहीत.

१७/
एक बीबी गन, एक एअरसॉफ्ट गन. एकच राज्य, चार महिन्यांहून कमी अंतर. एकीला खुणेतून सूट होती, दुसरीची खूण गळून पडली होती. पोलाद की प्लॅस्टिक, साडेचार की सहा मिलिमीटर, दोन ज्यूल की एक, यांतले काहीही पाहणाऱ्याला दिसले नाही. त्याला दिसली ती फक्त आकृती.

१८/
पुढे कॅलिफोर्नियाने कायदा कडक केला. १ जानेवारी २०१६ पासून तेथे एअरसॉफ्ट गनच्या चापाभोवतीच्या कड्यावर आणि इतर भागांवरही चमकदार रंग असणे सक्तीचे झाले. १९७१ मध्ये जपानने पिस्तूल-प्रतिकृती पांढऱ्या-पिवळ्या रंगवायला लावल्या होत्या, त्याच वाटेवर कॅलिफोर्निया ४५ वर्षांनी आले. जपानने मात्र रंगाची सक्ती करण्यापूर्वी खऱ्या बंदुका लोकांच्या हातून काढून घेतल्या होत्या. अमेरिकेत खऱ्या बंदुका जागच्या जागी राहिल्या आणि आपण खोटे आहोत हे सिद्ध करण्याचे काम खेळण्यावर आले.