लडाखची पंगत आणि धम्माची समता

सिंधूच्या खोऱ्यातील लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. पाऊस अत्यल्प, वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने आणून शेतकरी जव पिकवितात. भाजलेल्या जवाचे पीठ हा तेथील परंपरागत आहार होय. शतकानुशतके बौद्ध असलेल्या या समाजातही लोहारकाम करणारे गारा आणि वाद्ये वाजविणारे मोन व बेदा यांना परंपरेने पंगतीच्या शेवटी बसविले गेले. मंगलप्रसंगी त्यांचे वादन हवे, पण सोयरीक नको! १९८९ च्या आदेशाने हे तिन्ही समाज बहुसंख्य बोटो समाजासह अनुसूचित जमातींच्या एकाच यादीत आले. परंतु केवळ यादीने पंगत बदलत नाही. शाक्य राजपुत्रांनी वंदन करावे म्हणून तथागतांनी उपालि न्हाव्याला त्यांच्याआधी प्रव्रज्या दिली. धम्म स्वीकारल्याने जात आपोआप जात नाही, ती आचरणातून घालवावी लागते, हाच बोध आम्ही यातून घेतो.