समदुःखी साहाय्यक, व्यसनमुक्तिकार्यातील

मद्य वा मादक द्रव्ये यांच्या व्यसनातून स्वतः बाहेर पडलेली, किंवा घरातील व्यक्तीच्या व्यसनाची झळ सोसलेली आणि त्या अनुभवास रीतसर प्रशिक्षणाची जोड देऊन तशाच संकटातील इतर कुटुंबांना मदत करणारी व्यक्ती. समदुःखी साहाय्यक हा वैद्य नव्हे वा मानसोपचारतज्ज्ञही नव्हे. कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेणे, व्यसनाधीनतेविषयी खरी माहिती देणे, रुग्णालयात वा व्यसनमुक्ती केंद्रात सोबत जाणे आणि प्रसंगी शाळा, पोलीस ठाणे किंवा ग्रामपंचायत येथे कुटुंबाची बाजू मांडणे, ही त्याची मुख्य कामे होत. व्यसनी युवकाचे कुटुंब हे केवळ उपचाराचे साधन नसून स्वतःही साहाय्यास पात्र आहे, हे तत्त्व ह्या कामाच्या मुळाशी आहे. ते उशिरा मान्य झाले.

कुटुंबाची अवस्था : मुलाच्या व्यसनाची गोष्ट घरात प्रथम लपविली जाते. आई चोरून पैसे देते, वडील मारझोड करतात, थोरला भाऊ उधारी फेडतो आणि कामावर न गेल्याबद्दल कोणीतरी खोटी सबब सांगतो. ‘लग्न करून दिले की सुधारेल’ ह्या समजुतीने विवाह उरकला जातो व एका तरुणीच्या आयुष्याची त्या दुःखात भर पडते. ‘संस्कार कमी पडले’ ह्या लोकापवादामुळे कुटुंब नातलगांपासून तुटते. आंगारे, नवस, शपथा असे उपाय संपल्यावर घर डॉक्टरांकडे वळते. तोवर बराच काळ लोटलेला असतो. अशा वेळी त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या आईचा शब्द त्या घराला तज्ज्ञाच्या सल्ल्याहून लवकर पटतो, असा ह्या क्षेत्रातील अनुभव आहे.

पूर्वपीठिका : आपल्यापैकीच कोणी सांगितले म्हणून व्यसन सोडण्याची घटना ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात अपरिचित नाही. ब्रिटिश सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या हाती एकवटली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांचा साठा व विक्री ह्यांवर निर्बंध आले. घरगुती दारू हा गुन्हा ठरला आणि दुकानातील दारूमुळे आदिवासी कर्जात रुतले. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत सुरू झालेल्या देवीच्या चळवळीचे लोण डांग, सुरत व नासिककडील आदिवासी मुलखात पोहोचले. अंगात देवी आलेले स्त्रीपुरुष त्याच वस्त्यांतील असत. दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, असे ते आपल्या लोकांना सांगत. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्या चळवळीचा विस्तृत अभ्यास केला आहे. अनेक ठिकाणी तिचा जोर पुढे ओसरला. सामूहिक शपथेत बळ होते; परंतु शपथ न पाळू शकणाऱ्याच्या घराला नंतर कोण सावरणार, ह्या प्रश्नाचे उत्तर शपथेत नव्हते.

ते उत्तर वेगळ्या भूमीवर शोधले गेले. बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ ह्या दोन मद्यपींनी १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे एकमेकांना आधार देत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ह्या संघटनेचा पाया घातला. पती सभेत असताना बाहेर थांबणाऱ्या पत्नींच्या गप्पांतून कुटुंबीयांचे गट निघाले व १९५१ मध्ये लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने ‘अल्-अॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना झाली. १९५७ मध्ये व्यसनी पालकांच्या किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ सुरू झाली. भारतात ह्या विचाराचा प्रवेश १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात झाला.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबई प्रांतात १९३९ साली दारूबंदीचा प्रयोग झाला व १९४९ च्या कायद्याने ती सर्वत्र लागू करण्यात आली. ह्या धोरणाचा रोख दारूवर होता. दारू पिणाऱ्याच्या घराकडे त्यात फारसे लक्ष नव्हते. १९८० नंतर मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर अथवा ‘गर्द’ पसरली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. व्यसनी आता प्रौढ कामगारच नव्हे, तर महाविद्यालयीन मुलगाही होता व त्याच्या मागे गोंधळलेले आईवडील होते.

फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर पडलेले असल्याने अनुभवाचा अधिकार हा ह्या संस्थेच्या कामाचा आरंभापासून आधार राहिला. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या, वसई येथेही संस्थेचे केंद्र उभे राहिले. अनिल अवचट यांच्या गर्दविषयीच्या लेखनाने अस्वस्थ होऊन पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मधील निधनापर्यंत वाहिली. बरे झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून घडविणे हे ह्या केंद्राचे वैशिष्ट्य होय. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी येथे ‘सहचरी’ हा गट चालविण्यात आला. पती व्यसनमुक्त झाला तरी पत्नीच्या मनातील भीती व संशय एकाएकी जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा हवी, हे त्यातून मान्य झाले.

गोव्यातील प्रयोग : साध्या माणसाला प्रशिक्षण देऊन हे काम कितपत साधते, ह्याची शास्त्रीय तपासणी गोव्यातील ‘संगाथ’ ह्या संस्थेने केली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना सामान्य समुपदेशकांनी दिलेल्या अल्पकालीन समुपदेशनाचा उपयोग होतो, असे ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पुढे ह्याच संस्थेने कुटुंबीयांसाठी इंग्लंडमध्ये विकसित झालेली पाच पायऱ्यांची पद्धत अशाच समुपदेशकांकरवी वापरून पाहिली. ऐकून घेऊन धीर देणे, आवश्यक माहिती पुरविणे, कुटुंब संकटास कसे तोंड देते हे तपासणे, आधाराची माणसे शोधणे आणि आणखी कोणती मदत लागेल हे ठरविणे, ह्या त्या पाच पायऱ्या होत. व्यसनी व्यक्ती उपचारास तयार नसली तरी ही पद्धत वापरता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

प्रशिक्षण : केवळ अनुभव पुरेसा नसतो. ‘माझा मुलगा असा सुधारला, तुमचाही सुधारेल’ असे सांगणारा साहाय्यक नकळत अपाय करू शकतो. म्हणून प्रशिक्षणात उपदेश न करता ऐकण्याच्या सरावास प्राधान्य असते. गोपनीयता हा दुसरा धडा होय. लहान गावात एक शब्द बाहेर गेला तरी मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. तिसरा धडा धोक्याची चिन्हे ओळखण्याचा. दीर्घकाळच्या मद्यपीने दारू एकाएकी बंद केल्यास झटके व वातभ्रम होऊन जीव धोक्यात येतो. म्हणून घरात कोंडून दारू सोडविण्याचा प्रकार टाळून त्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते. गर्द सोडताना होणारा त्रास, म्हणजे व्यसनींच्या बोलीतील ‘टर्की’, बहुधा प्राणघातक नसतो. मात्र काही काळ गर्द सोडलेल्या युवकाने पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो, कारण शरीराची सहनशक्ती तोवर घटलेली असते. आत्महत्येची भाषा व घरातील हिंसा ह्यांकडेही दुर्लक्ष चालत नाही.

कायद्याची जुजबी माहितीही आवश्यक ठरते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार पुरे केल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. पोलिसांच्या भीतीने मुलाला दडवून ठेवणाऱ्या पालकांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते. बालकास मादक पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. साहाय्यक स्वतः पूर्वी व्यसनी असल्यास पुन्हा घसरण्याचा धोका त्यालाही असतो. त्यामुळे अनुभवी मार्गदर्शकाची नियमित देखरेख हा प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा नसून कायमचा भाग मानला जातो.

ग्रामीण भागातील गरज : २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे ५·७ कोटी लोकांना मद्यपानाच्या व सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या दुष्परिणामांसाठी मदतीची गरज होती, मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास उपचार मिळत होते. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांत नाकावाटे हुंगण्याच्या द्रव्यांचा वापर प्रौढांहून अधिक आढळला. केंद्र शासनाच्या २०१८ च्या कृती आराखड्यात समवयस्क मुलांना प्रशिक्षण देऊन वस्तीपातळीवर काम करण्याची योजना आहे. २०२० मध्ये २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. १४४४६ ह्या निःशुल्क दूरध्वनीवरूनही सल्ला मिळतो.

तथापि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्यांसारख्या तालुक्यांत अंतराचा प्रश्न उरतोच. शहापूरमधून रेल्वे व मुंबई-नासिक महामार्ग जातात; उलट सिद्धगडाच्या परिसरातील सह्याद्रीलगतच्या वाड्यांना शहरातील साप्ताहिक सभेस जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. कातकरी कुटुंबे वर्षातील अनेक महिने वीटभट्ट्यांवर असतात. त्यांचा पाठपुरावा शहरी केंद्राच्या वेळापत्रकात बसत नाही. ठाकर, महादेव कोळी व कातकरी ह्यांच्या वस्त्यांत त्याच बोलीत बोलणारी, भट्टीवरही भेटू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती तेथे अधिक उपयोगी पडण्याजोगी आहे. आशा कार्यकर्ती व महिला बचत गट हे तिचे स्वाभाविक सहकारी ठरू शकतात.

मूल्यमापन : समदुःखी साहाय्यक हा अपुऱ्या वैद्यकीय सेवेचा स्वस्त पर्याय मानला गेल्यास ही कल्पना फसते. रुग्णालय, औषधे व तज्ज्ञ ह्यांची साखळी मागे नसेल, तर त्याच्या हाती सहानुभूतीखेरीज काही उरत नाही. अनेकदा हे काम व्यसनी मुलांच्या आया व व्यसनी पुरुषांच्या पत्नी करतात व त्याचा मोबदला अत्यल्प असतो किंवा नसतोच. दुःख सोसलेल्यांवरच सेवेचा भार टाकण्याचा हा अन्याय टाळण्यासाठी मानधन व विश्रांती ह्यांची तरतूद आवश्यक आहे. ह्या कामाचे यश केवळ किती युवक व्यसनमुक्त झाले ह्यावरून मोजणेही अपुरे ठरते. मुलगा पुन्हा घसरला तरी आईला रात्री झोप लागणे, धाकट्या बहिणीची शाळा न सुटणे आणि घराने शेजाऱ्यांशी पुन्हा बोलू लागणे, हीदेखील त्याची फळे होत.